सकारण न्यायनिर्णयाचे कर्तव्य : तत्त्व, व्यवहार आणि विसंगती

प्रस्तावना

न्यायालयात दाखल होणाऱ्या बहुतेक वादांत एक पक्ष जिंकतो व दुसरा हरतो. जिंकणाऱ्याला बहुधा निकालाचा शेवटचा परिच्छेद पुरेसा असतो. निकालपत्राची पाने उलटून कारणे शोधतो तो हरलेला पक्ष. आपले म्हणणे खरोखर ऐकले गेले काय, आपला पुरावा वाचला गेला काय आणि नेमक्या कोणत्या मुद्द्यावर आपली बाजू कमी पडली, हे त्याला जाणून घ्यायचे असते. न्यायाधीशाने निर्णयाची कारणे दिली पाहिजेत हे तत्त्व आज आपल्याकडे सर्वमान्य आहे. विधी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते ठाऊक असते. मात्र सर्वमान्य तत्त्वांची चिकित्सा क्वचितच होते, आणि त्यामुळे त्यांतील विसंगती दीर्घकाळ झाकलेल्या राहतात.

प्रस्तुत लेखात भारतीय कायद्यातील व न्यायनिर्णयांतील या तत्त्वाची चिकित्सा केली आहे. लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्या न्यायालयांनी कारणे देण्याच्या कर्तव्याचा शब्दशः गौरव केला असला, तरी त्याची प्रत्यक्ष रचना अपील न्यायालयाच्या सोयीवर उभी आहे, हरलेल्या पक्षकाराच्या हक्कावर नाही. परिणामी न्यायालय जसजसे वरचे, तसतसे हे कर्तव्य पातळ होत जाते. आणि ज्या वेळी ते मोडले जाते त्या वेळी त्याची किंमत न्यायाधीशाऐवजी पक्षकार मोजतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

निर्णयामागील आधार लेखी नोंदवण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली असे मानण्याचे कारण नाही. धर्मशास्त्रातील व्यवहारविषयक ग्रंथांत विजयी पक्षाला द्यावयाच्या जयपत्राचे वर्णन आहे. त्यात वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय यांचा समावेश अपेक्षित होता. केवळ शास्त्रवचनावर विसंबून, युक्तीचा विचार न करता दिलेला निर्णय धर्माची हानी करतो, असा विचारही स्मृतिकारांनी मांडला आहे. मराठेशाहीतील महजर व निवाडपत्रे यांतही दोन्ही पक्षांची कथने आणि निवाड्यास उपस्थित असलेल्यांची नोंद आढळते. अर्थात ही कागदपत्रे मुख्यतः जिंकणाऱ्याच्या हाती पुरावा म्हणून राहत. हरलेल्याचे समाधान हा त्यांचा हेतू होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

आधुनिक अर्थाने या कर्तव्याला कायद्याचे रूप फ्रान्समध्ये मिळाले. राज्यक्रांतीनंतरच्या ऑगस्ट १७९० च्या न्यायव्यवस्थाविषयक कायद्याने निकालात कारणे नमूद करणे न्यायालयांवर बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये मात्र हा प्रश्न दीर्घकाळ न्यायाधीशाच्या सद्सद्विवेकावर सोडलेला होता. अठराव्या शतकातील प्रसिद्ध न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी वसाहतीत न्यायदान करावे लागणाऱ्या, कायद्याचे शिक्षण नसलेल्या एका गव्हर्नराला निर्णय बेधडक द्यावा पण कारणे देऊ नयेत असा सल्ला दिल्याचे सांगतात. कारण निर्णय बहुधा बरोबर येईल, कारणे मात्र चुकतील. आख्यायिका विनोदाने सांगितली जात असली, तरी ज्याच्यावर निर्णय लादायचा त्याला उत्तर देणे लागत नाही, ही वसाहतवादी धारणा तिच्यात स्पष्ट दिसते.

वैधानिक आधार

भारतीय संविधानात न्यायाधीशाने कारणे द्यावीत असे थेट कलम नाही. हे कर्तव्य प्रक्रिया संहितांमधून येते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २(९) मध्ये न्यायनिर्णयाची व्याख्याच 'हुकूमनाम्याच्या अथवा आदेशाच्या कारणांचे न्यायाधीशाने केलेले निवेदन' या आशयाची आहे. म्हणजे कारणांवाचून न्यायनिर्णय ही संज्ञाच लागू होत नाही. आदेश २० नियम ४(२) नुसार प्रकरणाची संक्षिप्त हकिकत, विचारार्थ मुद्दे, त्यांवरील निर्णय व त्याची कारणे निकालात असावी लागतात. लघुवाद न्यायालयांना मात्र याच नियमाच्या पहिल्या भागात मुद्दे व निर्णय यांवर थांबण्याची मुभा आहे. अपील न्यायालयासाठी आदेश ४१ नियम ३१ मध्ये असेच बंधन आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे कलम ३५४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९३ यांचीही भाषा तीच आहे.

कारणे देण्याचा भार कायदा कोणत्या बाजूला ठेवतो यावरून त्या समाजाला काय स्वाभाविक वाटते हे कळते. मृत्युदंडाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, मृत्युदंडास पात्र गुन्ह्यात न्यायाधीशाने मृत्युदंड दिला नाही तर तो का दिला नाही याची कारणे लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ही तरतूद गेली. १९७३ च्या संहितेने कलम ३५४(३) द्वारे भार नेमका उलटा केला : मृत्युदंड द्यायचा असेल तर 'विशेष कारणे' नमूद केली पाहिजेत. बचनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंडाची घटनात्मकता मान्य केली, ती याच विशेष कारणांच्या अटीचा मोठा आधार घेऊन. पाऊण शतकात गुन्ह्याची व्याख्या बदलली नव्हती. लेखी उत्तर कोणत्या निर्णयासाठी द्यायचे, एवढेच बदलले. कारणे देणे ही केवळ औपचारिकता नाही, एखाद्याच्या जगण्यामरण्याशी तिचा संबंध असतो, हे यावरून ध्यानी यावे.

याच संहितांत मात्र एक वेगळी रचनाही दडलेली आहे. दिवाणी अपील प्राथमिक सुनावणीतच फेटाळताना उच्च न्यायालयाव्यतिरिक्त अन्य अपील न्यायालयाने थोडक्यात कारणे द्यावीत, असे आदेश ४१ नियम ११(४) सांगतो. फौजदारी अपील संक्षेपाने फेटाळताना सत्र न्यायालयाने किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याने कारणे नोंदवावीत, असे १९७३ च्या संहितेचे कलम ३८४(३) सांगत होते, आणि नव्या संहितेनेही ते कायम ठेवले आहे. दोन्ही ठिकाणी उच्च न्यायालय या बंधनातून वगळले गेले. म्हणजे जिल्ह्याच्या न्यायाधीशाने जे लिहायचे, ते उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने लिहिलेच पाहिजे असे संहिता म्हणत नाही.

मुखर्जी ते क्रांती असोसिएट्स

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निकाल म्हणजे एस. एन. मुखर्जी विरुद्ध भारत सरकार (१९९०) हा घटनापीठाचा निर्णय. न्यायिक वा अर्धन्यायिक स्वरूपाचे अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय प्राधिकरणाने निर्णयाची कारणे नोंदवलीच पाहिजेत, कायद्याने स्पष्टपणे वा ध्वनितार्थाने वगळले असेल तेवढाच अपवाद, असे न्यायालयाने ठरवले. त्या निर्णयावर अपील आहे की नाही याच्याशी या कर्तव्याचा संबंध नाही, हेही त्यात स्पष्ट केले. कारणे दिल्याने विचारपूर्वक निर्णय होतो, त्यात स्पष्टता येते आणि मनमानीला आळा बसतो, असे विवेचन न्यायालयाने केले.

या निकालाचा शेवट मात्र फारसा उद्धृत केला जात नाही. लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलेल्या एका सेनाधिकाऱ्याचे हे प्रकरण होते. शिक्षेला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने आणि नंतरचा अर्ज फेटाळणाऱ्या केंद्र सरकारने कारणे दिली नाहीत, ही त्याची तक्रार होती. न्यायालयाने तत्त्व मान्य केले, पण सेना अधिनियम, १९५० च्या योजनेत कारणांची आवश्यकता ध्वनितार्थाने वगळली आहे असे म्हणून अपील फेटाळले. सकारण निर्णयाचा पाया ज्या प्रकरणात घातला गेला, त्यातील पक्षकाराला कारणे मिळाली नाहीत. तत्त्व मोठे करताना अपवादही तेवढाच मोठा ठेवण्याची ही पद्धत पुढे रूढ झाली.

क्रांती असोसिएट्स (२०१०) या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने पुनरीक्षण अर्ज कारणांशिवाय फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून आयोगाला बोलका आदेश देण्यास सांगितले आणि तोवरच्या निकालांचे सार मुद्देसूद मांडले. पारदर्शकता, उत्तरदायित्व, पक्षकारांचा विश्वास हे शब्द त्यात ठळकपणे येतात. छापील साच्यातील, रबरी शिक्क्यासारखी कारणे ही कारणे नव्हेत, हाही इशारा त्यात आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांना या निकालाचे अगत्य यासाठी असावे की परीक्षेतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या समितीपासून विभागीय चौकशीपर्यंत अनेक ठिकाणी आपणच अर्धन्यायिक भूमिकेत असतो. 'खुलासा असमाधानकारक वाटल्याने' या तीन शब्दांत विद्यार्थ्याचे वर्ष बुडवणारा ठराव या कसोटीला उतरत नाही.

क्रांती असोसिएट्समधील सूत्रे आयोग, लवाद व प्रशासन यांच्यासाठी जेवढ्या कठोरपणे सांगितली जातात, तेवढ्या कठोरपणे ती वरच्या न्यायालयांना लावली जातात काय, हा यापुढचा प्रश्न आहे.

वरच्या न्यायालयांचे मौन

फौजदारी अपिले एका शब्दात फेटाळण्याची प्रथा मुंबई उच्च न्यायालयात एके काळी प्रचलित होती, आणि तिच्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९५३ पासून नापसंती दर्शविली. विचारार्ह मुद्दे असतील तर अपील संक्षेपाने फेटाळतानाही उच्च न्यायालयाने आपल्या मताची काही कल्पना द्यावी, असे त्या न्यायालयाने सांगितले. १९७० मध्ये महाराष्ट्रातील अपिलांत तेच पुन्हा सांगावे लागले. या निकालांतील युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. उच्च न्यायालयाने कारणे दिली नाहीत तर सर्वोच्च न्यायालयाला त्याचा दृष्टिकोन समजत नाही, यावर भर आहे. तुरुंगातील अपीलकर्त्याला तो समजत नाही, हा विचार मागे पडतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या व्यवहारात हीच भूमिका टोकाला जाते. अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमती याचिका मोठ्या संख्येने कारणांशिवाय फेटाळल्या जातात. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य (२०००) या निकालाने अशा अबोल आदेशाचा कायदेशीर अर्थ स्पष्ट केला : त्यामुळे खालचा निकाल वरच्या आदेशात विलीन होत नाही आणि अनुच्छेद १४१ खाली कोणताही कायदा घोषित होत नाही; न्यायालयाला हस्तक्षेप करावासा वाटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तर्कदृष्ट्या हे विवेचन नेटके आहे. परंतु पक्षकाराच्या बाजूने पाहिले तर न्यायाची शेवटची पायरी चढून गेल्यावर त्याला मिळालेल्या उत्तराचा अर्थ 'उत्तर दिलेले नाही' असा होतो. त्यापुढे अपील नसल्याने कारणे वाचणारे न्यायालयही नाही. म्हणून कारणेही नाहीत. मुखर्जी निकालातील 'अपील असो वा नसो' हे सूत्र येथे कुठे जाते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

याविरुद्धचा आक्षेप रास्त आहे. याचिकांची संख्या प्रचंड असते, प्रत्येकीवर विस्तृत निकाल लिहू लागल्यास न्यायालयाचे मूळ काम थांबेल. तथापि विस्तृत निकाल आणि संपूर्ण मौन यांच्यामध्ये बरीच जागा आहे. 'वस्तुस्थितीवरील दोन्ही न्यायालयांचे निष्कर्ष एकमतांचे असून सार्वत्रिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न दिसत नाही' एवढे एक वाक्यही पक्षकाराला आपला अर्ज कोणत्या चाळणीत अडकला ते सांगू शकते.

'पुरेशी' कारणे : लांबी की उत्तर?

कारणे द्यावीत हे मान्य केल्यावर ती किती द्यावीत हा अवघड भाग उरतो. येथे दोन्ही टोकांचे दोष आढळतात. एका टोकाला जामिनाच्या आदेशांतील 'प्रकरणातील वस्तुस्थिती व परिस्थिती विचारात घेता' हा ठरीव शब्दसमूह. असे शब्द लिहिल्याने कारण दिल्यासारखे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात स्पष्ट केले. त्यातून जामीन का मिळाला किंवा का नाकारला हे आरोपीला, तक्रारदाराला किंवा वरच्या न्यायालयालाही कळत नाही.

दुसऱ्या टोकाला विस्तार. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) तेरा न्यायाधीशांनी अकरा स्वतंत्र निकालपत्रे लिहिली. बहुमत सात विरुद्ध सहा असे निसटते होते, आणि बहुमताचे मत काय हे सांगण्यासाठी नऊ न्यायाधीशांच्या सह्यांचे वेगळे सारांशपत्र काढावे लागले. त्या खटल्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु कारणांची विपुलता आणि कारणांची स्पष्टता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दाखवणारे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

इंग्लंडमधील अपील न्यायालयाने या प्रश्नाला दिलेले उत्तर उपयुक्त आहे. फ्लॅनरी प्रकरणात (१९९९) दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची साक्ष परस्परविरुद्ध होती. न्यायाधीशाने एका बाजूच्या तज्ज्ञांवर विश्वास ठेवला, पण का ते सांगितले नाही. अपील न्यायालयाने हे कर्तव्याचे उल्लंघन मानून नव्याने सुनावणीचा आदेश दिला. पुढे इंग्लिश विरुद्ध एमरी राइमबोल्ड (२००२) मध्ये त्याच न्यायालयाने मर्यादाही आखली : प्रत्येक युक्तिवादाचा परामर्श घेण्याची गरज नाही, ज्या मुद्द्यांवर निर्णय फिरला ते मुद्दे कसे सोडवले एवढे कळले पाहिजे.

या आधारे असे म्हणता येईल की पुरेशा कारणांची खरी कसोटी हरलेल्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा ही आहे. त्या मुद्द्याला निकालात उत्तर असेल तर दोन पानेही पुरतात. नसेल तर दोनशे पानेही अपुरी ठरतात.

न्यायाधीश आधी अंतःप्रेरणेने निर्णय घेतो आणि नंतर त्याला कारणे जोडतो, हे अमेरिकन न्यायाधीश जोसेफ हचिसन यांनी १९२९ मध्येच प्रांजळपणे मांडले होते. त्यावरून कारणे म्हणजे निव्वळ सजावट असा निष्कर्ष काही अभ्यासक काढतात. तो एकांगी आहे. प्रेरणा कुठूनही येवो, ती विरुद्ध पक्षाच्या युक्तिवादासमोर उभी करून कागदावर उतरवावी लागली की काही निर्णय टिकत नाहीत आणि बदलावे लागतात. लेखनाची ही शिस्तच मनमानीविरुद्धचा अंकुश आहे.

विलंब आणि प्रतिप्रेषण : किंमत कोणाची?

कारणे उशिरा देणे हाही कारणे न देण्याचाच एक प्रकार आहे. मुंबई उच्च न्यायालयातील एका प्रकरणात निकालाचा अंतिम भाग २१ जानेवारी २०२० रोजी उच्चारला गेला आणि कारणे ९ ऑक्टोबर २०२० रोजी उपलब्ध झाली. त्या सुमारे नऊ महिन्यांत निर्णय पक्षकाराला लागू होता, पण त्याला आव्हान देण्याचा आधार त्याच्या हाती नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये या प्रथेवर कडक शब्दांत टीका केली. त्यात नवीन काही नव्हते. कारणांआधी अंतिम आदेश उच्चारण्याविरुद्ध १९८० च्या दशकात, आणि निकाल दीर्घकाळ राखून ठेवण्याविरुद्ध अनिल राय खटल्यात (२००१), त्या न्यायालयाने आधीच बजावले होते. वारंवार बजावावे लागते याचा अर्थ बजावणे पुरेसे ठरत नाही.

याहून गंभीर प्रश्न उपाययोजनेचा आहे. स्टेट बँक विरुद्ध अजय कुमार सूद (२०२२) या प्रकरणात हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल इतका दुर्बोध होता की तो वाचून काय ठरले हे सर्वोच्च न्यायालयालाही समजेना. त्या निमित्ताने निकालाची रचना, परिच्छेदांना क्रमांक, वाद-नियम-उपयोजन-निष्कर्ष असा क्रम आणि दृष्टिबाधित वाचकांनाही वाचता येईल असे स्वरूप यांविषयी मौलिक मार्गदर्शन केले गेले. परंतु वादाचे काय झाले? तो पुनर्विचारासाठी पुन्हा उच्च न्यायालयाकडे गेला. बँक आणि कर्मचारी दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून युक्तिवाद करणे भाग पडले. चूक लिहिणाऱ्याची, वर्षे मात्र पक्षकारांची.

प्रतिप्रेषण हा एकमेव मार्ग नाही. अभिलेखावर पुरेसा पुरावा असेल तर अपील न्यायालयाने स्वतःच अंतिम निर्णय द्यावा, अशी मुभा आदेश ४१ नियम २४ मध्ये पूर्वीपासून आहे. एमरी राइमबोल्डमध्ये सुचवलेला दुसरा मार्ग म्हणजे ज्या न्यायाधीशाने निर्णय दिला त्याच्याकडूनच अल्प मुदतीत पूरक कारणे मागवणे. या दुसऱ्या मार्गात मागाहून सुचलेली कारणे घुसण्याचा धोका आहे हे खरे. म्हणून तो मुदतबद्ध व अपवादात्मक असावा. तरी दोन्ही मार्गांत पक्षकाराचा वेळ वाचतो. आपल्या न्यायालयांनी प्रतिप्रेषणाचा सोपा मार्ग पत्करताना या पर्यायांचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही.

भाषेचा प्रश्न

कारणे ज्याच्यासाठी द्यायची त्याला ती वाचता आली पाहिजेत. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये अधिसूचना काढून कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी निश्चित केली. प्रत्यक्षात अनेक निकाल आजही इंग्रजीतच लिहिले जातात. कायद्याची परिभाषा, टंकलेखनाच्या सोयी आणि वकिलांची सवय ही त्याची कारणे सांगितली जातात. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी निकाल अपिलात इंग्रजीतून वाचला जाणार आहे, ही जाणीव असते. अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्याने खालचा न्यायाधीश वरच्या वाचकासाठी लिहितो. शेताच्या बांधाचा वाद हरलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या पराभवाचे कारण वकिलाच्या तोंडून ऐकावे लागते. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाने यंत्रसाहाय्याने निकालांचे प्रादेशिक भाषांत भाषांतर सुरू केले ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि भाषांतर हे तालुक्याच्या न्यायालयात मराठीतून विचार करून लिहिलेल्या निकालाची जागा घेऊ शकत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, सकारण निर्णयाचे तत्त्व भारतीय कायद्यात दृढ असले तरी संहितांतील सवलती व वरिष्ठ न्यायालयांची प्रथा यांमुळे ते खालच्या पायऱ्यांवर कठोर आणि वरच्या पायऱ्यांवर शिथिल झाले आहे. दुसरा, पुरेशा कारणांचे मोजमाप पृष्ठसंख्येने न करता हरलेल्या पक्षाच्या मुख्य मुद्द्याला मिळालेल्या उत्तराने करावे. तिसरा, कारणे निर्णयाबरोबरच मिळावीत, आणि ती नसल्यास प्रतिप्रेषणाऐवजी नियम २४ चा वापर हा सामान्य मार्ग व्हावा. चौथा, कनिष्ठ न्यायालयांतील मराठी निकाल ही भाषाभिमानाची बाब नसून कारणे देण्याच्या कर्तव्याचाच घटक मानली जावी.

अपील न्यायालयाला कारणे हवीत हे खरेच आहे. पण अपील सर्वच पक्षकार करत नाहीत. अनेकांकडे त्यासाठी पैसा व आयुष्य उरलेले नसते. त्यांच्यासाठी पहिल्या न्यायालयाचे निकालपत्र हाच न्यायसंस्थेशी झालेला शेवटचा संवाद असतो. संहितेत किंवा न्यायालयांच्या प्रथेत बदल सुचवणाऱ्याने या वाचकाला प्रथम डोळ्यांसमोर ठेवावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.